लढताना पायांचे चिलखत खाली का घसरते आणि ते जागेवर कसे ठेवावे

मध्ययुगीन युद्धाच्या पुनर्सादरीकरणात पोलादी चिलखत घालून लढणाऱ्यांची एक तक्रार जवळजवळ सार्वत्रिक आहे. चढवताना अगदी नीट बसलेले पायांचे चिलखत दोनतीन फेऱ्यांनंतर दोन बोटे खाली आलेले असते. गुडघाकवचाचा फुगीर भाग गुडघ्याच्या वाटीवरून सरकून नडगीच्या माथ्याशी येतो, मांडीकवचाची खालची कड वाटीवर घासू लागते, पाय उचलताना काहीतरी अडते आणि लढणारा प्रत्येक विश्रांतीत वाकून पट्टे आवळत बसतो. ही निव्वळ गैरसोय मानून सोडून देण्याची गोष्ट नाही. कवच खाली आले की वाटीच्या वरचा भाग उघडा पडतो, आणि त्याहून वाईट म्हणजे गुडघ्यावर बसलेला घाव फुगीर पत्र्यावर पसरण्याऐवजी पत्र्याच्या कडेतून थेट हाडावर पोचतो. गुडघाकवच जागेवरून हलल्याचे लक्षात आले तर पंचांना सांगून तेथेच थांबावे. उरलेली फेरी गुडघ्यापेक्षा मोलाची नाही.

या तक्रारीवर सर्वांत जास्त केला जाणारा उपाय म्हणजे मांडीमागचा पट्टा आणखी एक भोक आवळणे, आणि तोच सर्वांत निरुपयोगी आहे. मांडी वरून खाली निमुळती होत जाते. निमुळत्या आकारावर आवळलेला पट्टा स्वतःला सैल करण्याची वाट शोधतो आणि ती वाट खालच्या बाजूला, म्हणजे कमी घेराकडे असते. शिवाय पाऊल टाकताना मांडीचे स्नायू ताठ होतात आणि सैलावतात, त्यामुळे घेर सतत बदलत राहतो. स्नायू फुगला की पट्टा आणि चामडे ताणले जाते, स्नायू सैलावला की पट्टा क्षणभर सुटतो, आणि त्याच क्षणी पाऊल जमिनीवर आपटल्याच्या हादऱ्याने कवच थोडे उतरते. पट्टा जितका घट्ट, तितका पाय लवकर जड होतो, कारण रक्तप्रवाह अडतो. मांडीमागच्या पट्ट्याचे काम कवच पायाशी जवळ ठेवणे एवढेच आहे. ते वर धरून ठेवणे हे त्याचे काम नव्हे, आणि तो पूर्ण सोडल्यावरही कवचाची उंची बदलू नये, ही चांगल्या बांधणीची पहिली कसोटी आहे.

पायांच्या चिलखताचे वजन पायाने धरायचे नसते. ते वरून लटकवायचे असते. हे मान्य केले तरी घसरण्याची कारणे एकाहून अधिक असतात, आणि ती ओळखल्याशिवाय दुरुस्तीला हात घातला तर चुकीच्या ठिकाणी पत्रा कापला जातो.

निदान कसे करावे

अंगासरशी फिकट रंगाची विजार घालावी, तिच्यावर नेहमीची बंडी (चिलखताखाली घालायचे अंगासरशी वस्त्र, ज्याला पायांचे चिलखत नाड्यांनी बांधतात) आणि पायांचे चिलखत चढवावे, आणि मांडीकवचाच्या वरच्या कडेलगत विजारीवर खडूने रेघ ओढावी. दुसरी रेघ बंडीच्या खालच्या कडेलगत ओढावी. आधी काहीही न वाकता पाच मिनिटे सपाट जमिनीवर चालावे आणि दोन्ही रेघा पाहाव्यात. मग गुडघा कमरेच्या उंचीपर्यंत दहा वेळा उचलून पुन्हा पाहावे. शेवटी एकेका गुडघ्यावर बसून उठावे आणि तिसऱ्यांदा पाहावे. हे सर्व एकदा नडगीकवचासह आणि एकदा त्याशिवाय करावे. मदतीला कोणीतरी असणे आवश्यक आहे, कारण स्वतः वाकून पाहिले की रेघेची जागा बदलते.

नुसत्या चालण्यानेच मांडीकवच खाली आले आणि बंडी जागेवर राहिली, तर दोष नाड्यांत किंवा त्या मांडीकवचाच्या वरच्या कडेवरील ज्या चामडी जिभेत ओवल्या जातात तिच्यात आहे. बंडीची रेघही सरकली असेल तर मूळ आधारच, म्हणजे बंडी, नीट बसलेली नाही. नाड्या कितीही बदलल्या तरी उपयोग होणार नाही. चालताना सर्व ठीक राहून गुडघा उचलल्यावर किंवा वाकवल्यावरच कवच खाली जात असेल तर ते घसरत नसून ढकलले किंवा ओढले जात आहे, आणि हा दोष लांबीचा किंवा सांध्याचा आहे. नडगीकवच काढल्यावर तक्रार थांबली तर ओझे खालून खेचत आहे. माझ्या मते या चारांपैकी ढकलले जाण्याचा प्रकार सर्वांत जास्त वेळा दुर्लक्षित होतो, कारण दिसायला तो घसरण्यासारखाच दिसतो.

बंडी आणि कंबर

त्या काळची जी मूळ वस्त्रे टिकून राहिली आहेत त्यांच्याकडे पाहिले तर हा प्रश्न त्या काळी कसा सोडवला जात होता ते स्पष्ट होते. १३६४ मध्ये ओरेच्या लढाईत मारल्या गेलेल्या शार्ल द ब्ल्वा याची म्हणून ओळखली जाणारी रेशमी बंडी फ्रान्समधील लियों येथील वस्त्रसंग्रहालयात आहे. तिची कंबर अत्यंत घट्ट कापलेली आहे, आणि पायमोजांसारख्या लांब विजारी बांधण्यासाठी तिच्या आतल्या बाजूला नाड्या आहेत. म्हणजे खालचे सारे वस्त्र बंडीला लटकत होते आणि बंडी कमरेच्या घडणीवर टेकत होती. न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात १५व्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचे एक इंग्रजी हस्तलिखित आहे, ज्यात पायी लढणाऱ्या योद्ध्याला चिलखत कसे चढवावे हे सांगितले आहे. त्यातील बंडी फस्टियन नावाच्या जाड कापडाची, साटिनचे अस्तर लावलेली आणि जागोजागी काजे पाडलेली आहे. गुडघ्यांवर पातळ घोंगडीच्या कापडाचे तुकडे बांधावेत म्हणजे चिलखत काचणार नाही, अशी बारीक सूचनाही त्यात आहे. मार्शल बूसिको (१३६६ ते १४२१) शिरस्त्राण सोडून बाकी सर्व चिलखत घालून कोलांट्या मारीत असे, असे त्याच्या समकालीन चरित्रात लिहिले आहे. पायांचे चिलखत दर फेरीनंतर वर ओढावे लागणाऱ्या माणसाला हे शक्य झाले नसते.

बंडीची कंबर नितंबाच्या हाडांच्या वरच्या कडेच्या किंचित वर, शरीराच्या सर्वांत अरुंद घेरावर बसली पाहिजे. तेथे ती घट्ट असेल तर खालची हाडे तिला टेकू देतात आणि वजन थेट सांगाड्यात उतरते. ती सैल असेल तर सगळे वजन खांद्यांवर जाते, बंडीचे खांदे मानेकडे ओढले जातात, हात डोक्यावर उचलताना पायांचे चिलखतही वर येते आणि हात खाली आणताना पुन्हा पडते. लढून झाल्यावर मानेच्या बुडाशी दुखत असेल तर बहुधा हेच घडत असते. बंडी फार जाड भरलेली असणे हे सैलपणाचे सामान्य कारण आहे. केवळ कापसाच्या थरांवर संरक्षण सोपवलेल्या गॅम्बेसन नावाच्या अंगरख्याची जाडी पत्र्याखाली नको असते. कापूस दबतो, दबला की घेर कमी होतो आणि सकाळी घट्ट वाटलेली कंबर दुपारी सैल होते. पत्र्याखालच्या बंडीला तागाच्या किंवा दणकट सुती कापडाचे दोनतीन थर कमरेभोवती पुरतात. हे थर कापडाच्या सरळ धाग्यावर कापलेले हवेत. तिरपे कापलेले कापड लांबते आणि कितीही शिवले तरी लांबतच राहते. कमरेच्या आतल्या बाजूने कॅनव्हासची चार बोटे रुंद पट्टी सलग शिवली, तर जुनी बंडीही पुष्कळ सुधारते.

नाड्यांसाठीची काजे हाताने शिवलेली असावीत. टोच्याने धागे बाजूला सारून केलेल्या भोकात कापडाचे धागे अखंड राहतात आणि त्यावर घातलेली शिवण त्यांना एकत्र बांधते, तर धातूची आयलेट बसवताना भोकापुरते कापड कापले जाते आणि ओढ बसली की आयलेट कापडासकट उपटून येते. आयलेट आधीच बसवलेली असतील तर प्रत्येकीखाली चामड्याचा तुकडा शिवून ओढ पसरवता येते. कायमचा उपाय मात्र नवीन काजे घालणे हाच आहे, आणि एका संध्याकाळच्या शिवणीत ते होण्यासारखे आहे.

बंडीऐवजी कमरपट्टा वापरायचा असेल तर तो सरळ नसावा. कंबर नळकांड्यासारखी नसल्यामुळे सरळ पट्ट्याची केवळ एक कड शरीरावर टेकते आणि तो खाली सरकतो किंवा त्या कडेने रुततो. कमानीच्या आकारात कापलेला रुंद चामडी पट्टा नितंबाच्या उतारावर पूर्ण पृष्ठभागाने बसतो. तरीही त्याची एक मर्यादा आहे. वजन पेलण्यासाठी तो फार आवळला तर नितंबाच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळून मांडीच्या बाहेरच्या बाजूला जाणारी त्वचेची संवेदी नस दाबली जाऊ शकते, आणि मांडीच्या बाहेरच्या भागात बधिरपणा किंवा जळजळ जाणवते. अशी लक्षणे दिसली की पट्टा ताबडतोब सैल करावा आणि वजनाचा काही भाग खांद्यांवर घ्यावा. ज्यांचे पोट पुढे आहे आणि ज्यांना कमरेची खाच फारशी नाही त्यांच्यासाठी केवळ कमरपट्टा कधीच पुरत नाही. त्यांनी पाठीमागे नाडीने आवळता येणारी, बिनबाह्यांची अंगासरशी बंडी शिवून घ्यावी आणि कंबर व खांदे यांत वजन वाटून द्यावे. शरीराच्या ठेवणीचा हा फरक लाज वाटण्यासारखा नाही, पण तो मान्य न करता दुसऱ्याच्या बांधणीची नक्कल केली तर यश येत नाही.

नाड्या आणि जीभ

वर उल्लेखलेल्या हस्तलिखितात नाड्यांविषयी सांगितलेली गोष्ट आजही तंतोतंत लागू पडते: त्या आडव्या धनुष्याची प्रत्यंचा ज्या बारीक पिळाच्या दोऱ्याने करतात त्याच्या असाव्यात आणि चांभाराच्या मेणाने माखलेल्या असाव्यात, म्हणजे त्या ताणणारही नाहीत आणि तुटणारही नाहीत. नायलॉनची बुटाची नाडी मजबूत असते, पण घामाने भिजली की लांबते, आणि अर्ध्या बोटाची लांबी वाढली तरी गुडघ्यावर ती जाणवते. चामड्याच्या कातरलेल्या नाड्या त्याहूनही वाईट. मेण लावलेला तागाचा गोफ किंवा पॉलिस्टरची विणलेली नाडी वापरावी, आणि टोकाला धातूची टोपी बसवावी म्हणजे काजातून ओवताना ती पिंजत नाही. प्रत्येक पायाला दोन नाड्या असाव्यात. एक तुटली तरी कवच गळून पडत नाही. गाठ सुरगाठच हवी, कारण दुखापत झाली तर दुसऱ्या माणसाला ती एका ओढीत सोडता आली पाहिजे.

नाडी मांडीकवचाच्या नेमक्या कोणत्या जागी बांधली आहे यावर बरेच अवलंबून असते. जीभ अगदी समोर असेल तर पाय उचलताना जांघेची घडी पडते, नाडी सैल होते, कवच क्षणभर मोकळे पडते आणि पाय खाली येताच हिसक्याने पुन्हा लटकते; असे प्रत्येक पावलाला होत राहिल्याने काजे फाटतात. जीभ मागे असेल तर पाय उचलताच नाडी ताणली जाते आणि हालचाल अडते. नितंबाचा सांधा ज्या आसाभोवती फिरतो तो शरीराच्या बाजूने बाहेर पडतो, म्हणून बाजूच्या जवळ बांधलेल्या नाडीची लांबी पाय उचलताना जवळजवळ बदलत नाही. मुख्य नाडी बाजूच्या शिवणीच्या किंचित पुढे घ्यावी. दुसरी समोरच्या बाजूला, थोडी सैल, केवळ कवच फिरू नये एवढ्यासाठी असावी. जीभ वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या जाड चामड्याची घ्यावी आणि ती किमान तीन रिव्हेटांनी, आतून वॉशर घालून बसवावी. एकाच रिव्हेटवरची जीभ फिरते आणि तिचे भोक लांबट होते.

ढकलले जाणारे कवच

आता तो दोष, ज्यासाठी पत्र्याला हात लावावा लागतो. चिलखत घालून कठीण खुर्चीवर ताठ बसावे. मांडीकवचाची वरची कड जांघेत टोचत असेल, किंवा कमरेखालच्या घेरदार पत्र्यांवर आपटत असेल, तर प्रत्येक वेळी गुडघा उचलला की तीच कड संपूर्ण कवचाला खाली ढकलत असते. ही कड सर्वत्र सारख्या उंचीची नसावी: बाहेरच्या बाजूला उंच आणि जांघेकडे उतरती असावी. आतल्या बाजूला कमी झालेले संरक्षण वरचा घेर किंवा साखळीजाळीचा झगा भरून काढतो. कापण्यापूर्वी पुठ्ठ्याचा साचा करून त्यावर बसून, उभे राहून आणि लांब पाऊल टाकून पाहावे. पत्रा कापल्यावर परत जोडणे शक्य असले तरी कष्टाचे आहे. कापलेली कड बाहेर वळवून गोल करावी. तशी कड टोचत नाही, आणि वर सरकत येणारे शस्त्राचे टोकही तिच्यावर अडते.

दुसरा भाग सांध्याचा. गुडघा ज्या आसाभोवती वाकतो तो वाटीतून जात नाही. तो मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी हाताला लागणाऱ्या उंचवट्यांमधून, म्हणजे बाजूने पाहता पायाच्या मध्याच्या थोडा मागून जातो. चिलखताच्या सांध्याचे रिव्हेट याच्या बरेच पुढे बसवलेले असतील तर गुडघा वाकवताना समोरची त्वचा जितकी लांबते तितके कवच लांबू शकत नाही. खालचा भाग पोटरीवर पकडलेला असल्यामुळे वरचा भाग, म्हणजे मांडीकवच, खाली ओढले जाते. रिव्हेट खऱ्या आसाच्या वर किंवा खाली असतील तर लक्षण वेगळे दिसते: वाकवताना नडगीकवच एकतर नडगीवर रुतते किंवा पोटरीवर दाबते. मोजण्यासाठी पाय सरळ असताना बाजूच्या उंचवट्यांवर कापडावरून खूण करावी, कवच चढवून रिव्हेटची जागा तिच्याशी ताडून पाहावी, आणि मगच निर्णय घ्यावा. फरक बोटभर असेल तर बहुतेक वेळा नाड्यांची लांबी बदलून काम भागते. त्याहून जास्त असेल तर मांडीकवच आणि गुडघाकवच यांच्यामधले अरुंद पाते बदलावे, नव्या भोकांसह नवे करावे. जुन्या भोकाशेजारीच नवे भोक पाडण्याचा मोह टाळावा, कारण दोन भोकांमधली पत्र्याची अरुंद पट्टी घावाने फाटते.

जुन्या, बरेच वापरलेल्या चिलखतात एक साधे कारणही असते. सांध्याच्या रिव्हेटांची भोके झिजून लांबट होतात, आणि दोन पात्यांमध्ये थोडी थोडी ढिलाई मिळून गुडघाकवच बरेच खाली लोंबते. मांडीकवच हातात उचलून गुडघाकवच हलवून पाहिले की हे लगेच कळते. रिव्हेट काढून मोठ्या मापाचे बसवावेत, वॉशर बदलावेत, आणि सांधा फिरेल पण डुलणार नाही इतपतच ठोकावे.

मांडीकवचाच्या आकाराबद्दल एवढेच सांगतो की गुडघ्याच्या लगेच वर मांडी बारीक होते आणि कवचानेही तेथे तसेच आत वळले पाहिजे. सरळ नळीसारखे वळवलेले कवच तेथे सैल राहते, घाव बसला की फिरते, आणि फिरल्यावर सगळे सांधे आसाबाहेर जातात.

नडगीकवचाचे ओझे

चांगले बसलेले नडगीकवच मांडीकवचाला लटकत नाही. गुडघ्याच्या खाली आणि पोटरीच्या फुगवट्याच्या वर पाय अरुंद असतो. वरचा पट्टा तेथे बसला की पोटरीच त्याला खाली जाऊ देत नाही. फक्त समोरचा अर्धा भाग असलेली, सरळ वळवलेली नडगीकवचे पोटरीवर टेकत नाहीत, आणि ती गुडघाकवचाला जोडलेली असतील तर पूर्ण वजनाने त्याला खाली खेचतात. अशा वेळी पट्टा गुडघ्याखाली आणावा, मागे पोटरीला धरणारा भाग जोडावा, किंवा जोडणी सोडून नडगीकवच स्वतंत्र बांधावे. येथेही आवळण्याला मर्यादा आहे: गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, किंचित खाली, हाडाचा जो छोटा उंचवटा लागतो त्याच्याभोवतून एक महत्त्वाची नस जाते, आणि तेथे कडक पट्टा रुतला तर पावलाला मुंग्या येतात व पाऊल वर उचलण्याची ताकद कमी होते. अशा लक्षणांकडे लढाईच्या जोशात दुर्लक्ष करू नये.

चढवण्याचा क्रमही यात येतो. त्या हस्तलिखितात पावलांपासून सुरुवात करून आधी नडगी आणि मग मांडी असा क्रम दिला आहे, आणि त्याला कारण आहे: नडगीकवच आधी आपल्या जागी टेकले की नाडीची लांबी त्याच्या आधाराने ठरवता येते. मांडीकवच आधी घट्ट लटकवून नंतर नडगीकवच त्याला अडकवले, तर सगळे वजन नाड्यांवरच पडते.

वजन कमी करण्याबद्दल

अनेकजण घसरणे थांबवण्यासाठी पातळ पत्र्याचे नवे चिलखत घेण्याचा विचार करतात. पोलादाचा एक मिलिमीटर जाडीचा पत्रा दर चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो, तर दीड मिलिमीटरचा सुमारे ११.८ किलो, म्हणजे दीडऐवजी सव्वा मिलिमीटर घेतल्याने वजन सुमारे सहाव्या भागाने कमी होते. पायांना थकवा कमी येईल हे खरे, पण कंबर सैल असेल किंवा सांध्याचा आस चुकलेला असेल तर हलके चिलखतही तितकेच खाली येईल, फक्त थोडे उशिरा. शिवाय पायावर बसणारे घाव जोरदार असतात, आणि नुसत्या वजनासाठी गुडघाकवच पातळ करणे मला अजिबात पटत नाही. मांडीच्या मागच्या बाजूचा पत्रा कमी करण्याने जे वाचते ते जास्त सुरक्षित असते.

दुरुस्ती करताना आधी नाड्या बदलाव्यात, कारण ते स्वस्त आणि लगेच होणारे काम आहे. मग जिभेची जागा, मग बंडीची कंबर, आणि पत्र्याला सर्वांत शेवटी हात लावावा. प्रत्येक बदलानंतर खडूची चाचणी पुन्हा करावी, आणि एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशामुळे फरक पडला ते समजणार नाही. नवे चामडे आणि नवे कापड पहिल्या काही सरावांत ताणते, म्हणून त्या काळात दर सरावानंतर नाडीची लांबी तपासून ती पक्की होईपर्यंत आवळत राहावे. शरीराचे वजन बदलले की कमरेचा घेर पुन्हा मोजावा, कारण कंबर दोन बोटे सैल झाली तरी पुढचे सगळे सांधे तितकेच खाली जातात.